कॅरिबियनमध्ये शिडाच्या बोटीने १४ दिवस, आई-बाबा सोबत: मरीना कुठे घ्यावी, नांगर कुठे टाकावा?

देवगडकर_टोरांटो

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस डोक्यात होतं ते आता ठरत आलंय. येत्या फेब्रुवारीत १४ दिवस कॅरिबियनमध्ये बेअरबोट चार्टर घ्यायचा विचार आहे, म्हणजे बोट भाड्याची आणि चालवणारे आपणच. मी आणि बायको सहा वर्षं लेक ऑन्टारिओवर सेलिंग करतोय, सर्टिफिकेटं आहेत, पण खाऱ्या पाण्याचा अनुभव म्हणाल तर नोव्हा स्कोशियाला दहा दिवस, बस्स. यावेळी आई-बाबा येणार आहेत. बाबा ६८, देवगडला त्यांचा स्वतःचा ट्रॉलर होता, वीसेक वर्षं चालवला, त्यामुळे त्यांची काळजी नाही. आई ६४, दोन्ही गुडघे दुखतात, गाडी लागते म्हणजे बोट पण लागणार असं धरून चाललोय. बाबांनी जन्मभर समुद्र केला पण आई कधी त्यांच्याबरोबर गेली नाही, म्हणून तिला यावेळी न्यायचंच असं दोघांनी ठरवलंय.

ढोबळ प्लॅन असा की मार्टिनिकला ल मारँमधून बोट घ्यायची, सेंट लुसिया, सेंट व्हिन्सेंट, ग्रेनाडीन्स करत खाली ग्रेनाडाला सोडायची. बोट चाळीस फुटी कॅटामरान (शेजारी-शेजारी दोन तळ जोडलेली रुंद बोट) घ्यावी की मोनोहल (नेहमीची एका तळाची) हे अजून ठरत नाहीये.

आता खरा प्रश्न. रोजचा मुक्काम कसा निवडायचा? नेटवर बघावं तर प्रत्येक मरीना, म्हणजे अशा बोटी बांधून ठेवायचं बंदर, सुंदरच दिसते, स्विमिंग पूल, वायफाय, रेस्टॉरंट, आणि प्रत्येक खाडीचा ड्रोनवरून काढलेला हिरवा-निळा फोटो. त्यावरून रात्री तिथे झोप लागेल का हे काही कळत नाही. रोज मरीनात राहणं परवडेल का, आणि तशा रोज मिळतात तरी का? बाबांना फोनवर नकाशा दाखवला तर त्यांनी एकच विचारलं, "थंय वारो खंयसून येता?" मी म्हटलं पूर्वेकडून, बारा महिने जवळजवळ. तर म्हणाले मग सगळी बंदरं पश्चिमेक असतली. हे इतकं सोपं आहे का?

---

सारंग_निवृत्त

तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी जे विचारलं तिथूनच सुरुवात करायची असते आणि बहुतेक जण तिथून करत नाहीत.

मी ३१ वर्षं मर्चंट नेव्हीत होतो, रिटायर झाल्यावर एका मित्राच्या ४२ फुटी मोनोहलवर तीन हिवाळे मार्टिनिक ते ग्रेनाडा या पट्ट्यात काढले. तर बाबांचं बरोबर आहे, व्यापारी वारे पूर्व किंवा ईशान्येकडून येतात, साधारण १५ ते २५ नॉट, त्यामुळे जवळजवळ सगळी गावं, जेट्ट्या आणि नांगरायच्या जागा बेटाच्या पश्चिमेला आडोशाला आहेत. पण ही अर्धीच गोष्ट झाली. वाऱ्याचा आडोसा वेगळा आणि लाटेचा आडोसा वेगळा. डोंगर वारा अडवतो, लाट मात्र बेटाच्या दोन्ही टोकांना वळसा घालून मागच्या खाडीत शिरते. वारा नसेल तर उलट जास्त त्रास, कारण बोट वाऱ्याकडे तोंड करून राहत नाही, आडवी होते आणि रात्रभर डुगडुगत बसते.

त्यात हिवाळ्यात आणखी एक पाहुणा असतो, उत्तरेचा स्वेल. वर उत्तर अटलांटिकमध्ये कुठेतरी हजारो किलोमीटरवर वादळ होतं, आणि दोन-तीन दिवसांनी इकडे, जिथे ऊन पडलंय आणि वारा मंद आहे, तिथे उत्तरेकडून लांब लांब लाटा यायला लागतात. उत्तरेला किंवा वायव्येला उघडी असलेली खाडी त्या दिवशी राहण्यालायक नसते, मग फोटो कितीही छान असो. मार्टिनिकचं सँ-पिएर असंच आहे, गाव फार सुरेख, माँ पेले ज्वालामुखीच्या पायथ्याशी, १९०२ च्या उद्रेकात अख्खं बेचिराख झालं होतं ते, मुद्दाम जाऊन बघण्यासारखं. पण किनाऱ्यालगत उथळ पाण्याची पट्टी अगदी अरुंद, पुढे तळ एकदम खोल जातो, आणि स्वेल आला की लाटा तिथेच फुटतात. आम्ही एकदा संध्याकाळी आरशासारख्या पाण्यात नांगर टाकला होता, पहाटे दोनला गॅलीतल्या, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाकघरातल्या, कपाटाचं दार उघडून ताटं बाहेर. अंधारात नांगर काढून बाहेर पडलो आणि उजाडेपर्यंत समुद्रात फिरत राहिलो, तेच शहाणपणाचं होतं.

म्हणून अंदाज बघताना फक्त वारा बघू नका, स्वेलची दिशा, उंची आणि पिरियड (एका लाटेनंतर दुसरी किती सेकंदांनी येते ते) तिन्ही बघा. उत्तरेकडून येतोय आणि पिरियड १२ सेकंदांच्या वर आहे असं दिसलं तर लाट दोन मीटरचीच का असेना, त्या रात्री दक्षिणेला किंवा पूर्ण आत वळलेली जागा शोधा. बाबांना सांगा, विजयदुर्गला किल्ल्याच्या मागे आत शिरलं की पाणी कसं पडतं, तसं ज्या जागी होतं ती जागा. सेंट लुसियाचं मॅरिगो बे तसं आहे, तोंड अरुंद, आत मँग्रोव्ह म्हणजे खारफुटी, बाहेर काहीही चालू असो.

मरीनांचं विचाराल तर या पट्ट्यात मोजक्याच. ल मारँ प्रचंड मोठी, दुरुस्ती, सुटे भाग, वाणसामान सगळं मिळतं. मग सेंट लुसियात रॉडनी बे, लगूनच्या आत असल्यामुळे पूर्ण शांत, डिसेंबरात एआरसी रॅलीच्या बोटी अटलांटिक ओलांडून तिथेच येतात, १९९० पासून तिथेच शेवट होतो, त्यामुळे त्या दिवसांत जागा मिळणं कठीण, फेब्रुवारीत मिळेल पण आधी मेल करा. आणि शेवटी ग्रेनाडात सेंट जॉर्जेसला पोर्ट लुई. मधल्या ग्रेनाडीन्समध्ये बहुतेक ठिकाणी तुम्हाला नांगर आणि मूरिंगवरच (तळाशी कायमचा बांधलेला बोया, त्याला बोट अडकवायची) राहायचंय. तेव्हा रोज मरीना हा विचार सोडूनच द्या, सुरुवातीला एक रात्र, शेवटी एक रात्र, आणि मध्ये पाणी-डिझेल भरायला जमलं तर एखादी.

आणि मरीनात बोट कशी बांधतात ते आईंसाठी बघा. काही ठिकाणी बाजूला फिंगर पाँटून असतो, म्हणजे बोटीच्या कुशीला लागून फळी, आरामात पाय टाकून उतरता येतं. फ्रेंच मरीनांमध्ये आणि अँटिगाच्या नेल्सन्स डॉकयार्डला बोट मागच्या बाजूने धक्क्याला लावतात आणि मध्ये एक अरुंद फळी टाकून त्यावरून चालत जायचं. दुखऱ्या गुडघ्यांना ती फळी नको. बुकिंग करताना हे स्पष्ट विचारा, पूल आहे का हे नंतर.

---

पश्चिमवारा

सारंग काका, स्वेलचं वाचून वाचनखूण साठवली. पण देवगडकर, मला वाटतं तुम्ही आई-बाबांना घेऊन पहिल्याच खेपेला चुकीचा भाग निवडताय. ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सला (बीव्हीआय) जा. आम्ही दोनदा केलंय, दुसऱ्या वेळी सासूबाई होत्या. सर फ्रान्सिस ड्रेक चॅनलच्या दोन्ही बाजूंना बेटं, त्यामुळे मधलं पाणी बऱ्यापैकी सपाट, एका मुक्कामाहून पुढचा मुक्काम डोळ्यांना दिसतो, रोजचं सेलिंग दोन-तीन तास. विंडवर्ड्समध्ये, म्हणजे तुम्ही ठरवलेल्या मार्टिनिक ते ग्रेनाडा पट्ट्यात, दोन बेटांच्या मधल्या प्रत्येक चॅनलमध्ये अटलांटिक सरळ आत येतो, तिथे आईंना त्रास होणार.

शिवाय बीव्हीआयला जवळपास प्रत्येक खाडीत मूरिंग बॉल आहेत, काही ॲपवरून बुक होतात, बाकीचे जो आधी पोचेल त्याचे. सीझनमध्ये दुपारी बारा-एकपर्यंत पोचलात तर मिळतो. मरीना पण भरपूर, नॅनी के, रोड टाउनमध्ये दोन-तीन, व्हर्जिन गोर्डाला यॉट हार्बर. २०१७ च्या सप्टेंबरात इर्मा वादळाने सगळं उद्ध्वस्त केलं होतं पण आता पुन्हा उभं राहिलंय. चलन अमेरिकन डॉलर, त्यामुळे हिशोब सोपा. उत्तरेच्या स्वेलचं मात्र तिथेही खरं आहे, केन गार्डन बे आणि द बाथ्स दोन्ही त्या दिवशी टाळायचे. द बाथ्सला तर लाल झेंडा लावतात, त्या दिवशी किनाऱ्यावर उतरायचंच नाही.

---

निळीशाई

मी आणि नवरा आमच्या ३८ फुटी मोनोहलवर दोन सीझन तिथे राहिलो, ग्रेनाडापासून अँटिगापर्यंत वर-खाली. पश्चिमवारा म्हणतात ते बीव्हीआयबद्दल खरं आहे, आरामाचं आहे. पण ज्या माणसाने वीस वर्षं ट्रॉलर चालवला त्याला बीव्हीआय दाखवायचं की ग्रेनाडीन्समधलं बेक्वे बेट? बेक्वेत आजही हातांनी लाकडी होड्या बांधतात, ॲडमिरल्टी बेच्या काठावर छोट्या मॉडेल होड्या करणारे कारागीर बसलेले असतात, तुमचे बाबा तिथून हलणार नाहीत बघा. माझं मत बेक्वे.

आता मुक्कामाबद्दल मला जे मनापासून सांगायचंय ते मूरिंगबद्दल. लोकांना वाटतं बोया दिसला, दोरी अडकवली, झालं. मरीन पार्कचे मूरिंग वेगळे, ते तपासलेले असतात. पण बऱ्याच खाड्यांमध्ये बोये खाजगी असतात, कोणीतरी टाकलेले, आणि खाली काय आहे हे वरून कळत नाही. एका बेटावर, नाव घेत नाही, एकजण होडीतून आला, बोया दाखवला, नवाकोरा पांढरा, रात्रीचे पैसे घेतले. नवरा मास्क लावून खाली गेला. बोयाच्या खाली जाड दोर होता, मग शॅकल म्हणजे जोडणारी लोखंडी कडी, आणि त्या शॅकलची पिन झिजून झिजून पेन्सिलीएवढी राहिलेली, पिन फिरून सुटू नये म्हणून जी तार बांधतात ती नव्हतीच. आणि हे सगळं तळाला एका जुन्या इंजिन ब्लॉकला बांधलेलं. आम्ही लगेच सोडलं आणि स्वतःच्या नांगरावर राहिलो. त्या रात्री पावसाच्या सरीबरोबर जोराचा वारा आला, शेजारची एक बोट बोयासकट वाहत निघाली, सगळ्यांनी हॉर्न वाजवून त्यांना उठवलं. तर मूरिंग घेतला की पाण्यात उतरून बघायचाच, पाणी इतकं स्वच्छ असतं की पाच-सहा मीटर खालचं सगळं दिसतं.

नांगराचं पण तसंच. पाण्याचा रंग बघून टाका, फिकट पोपटी-पांढरट म्हणजे वाळू, तिथे नांगर छान धरतो. गडद ठिपके म्हणजे समुद्री गवत किंवा खडक-प्रवाळ. गवतात नांगर वरवर बसतो आणि घसरतो, शिवाय ते कासवांचं खाणं आहे, आणि प्रवाळावर तर टाकायचाच नाही, एका साखळीने जे मोडतं ते वाढायला पिढ्या जातात. चेन किती सोडायची तर पाणी ४ मीटर, नाळ (बोटीचं पुढचं टोक) पाण्यावर दीड मीटर, म्हणजे साडेपाच, त्याच्या पाचपट, ३० मीटर धरा, वारा वाढणार असेल तर ४०. भरती-ओहोटीचा फरक तिथे जेमतेम अर्धा मीटर, देवगडसारखा दोन-अडीच मीटरचा हिशोब करावा लागत नाही, हे बाबांना गंमतीचं वाटेल. मग इंजिन रिव्हर्समध्ये टाकून हळूहळू ताण द्या आणि उडी मारून नांगर डोळ्यांनी बघून या, फाळ पूर्ण गाडला गेलाय का ते.

सेंट लुसियाच्या पिटन्सला मात्र नांगर टाकता येत नाही, दोन डोंगर सरळ पाण्यात उतरतात आणि तळ तसाच खोल जातो, तिथे मूरिंगच घ्यायचा, तो सगळा भाग संरक्षित आहे. होड्यांतून पोरं येतात मूरिंगची दोरी हातात द्यायला, त्यांना ठरवून पैसे द्या आणि हसून बोला, त्यांचं पोट त्यावर आहे. सुटे ईस्टर्न कॅरिबियन डॉलर जवळ ठेवा, १ अमेरिकन डॉलरला २.७० असा दर ठरलेलाच आहे, किती तरी वर्षं बदललेला नाही.

बोटीचं विचाराल तर कॅटामरान घ्या, आईंसाठी. मोनोहल स्वेलमध्ये ज्या तऱ्हेने झुलते तशी कॅट झुलत नाही, आणि मागे दोन्ही बाजूंना पायऱ्या थेट पाण्यापर्यंत असतात, डिंगीत (किनाऱ्यावर जायच्या छोट्या होडीत) बसताना शिडी चढा-उतरायची नाही. मरीनात कॅटला जास्त पैसे घेतात, बऱ्याच ठिकाणी दीडपट, आणि रुंदीमुळे जागाही कमी, पण तुम्ही दोनच रात्री मरीनात राहणार असाल तर काय फरक पडतो.

---

आंबोळी

सेलिंगमधलं मला काही कळत नाही, धागा मात्र आवडीने वाचतेय. पण एक प्रश्न, आई-बाबांचा पासपोर्ट भारतीय आहे ना? मग मार्टिनिकचं काय? ते फ्रान्समध्ये येतं पण शेंगेनमध्ये येत नाही. आमच्या ओळखीच्या एकांना वाटलं होतं शेंगेन व्हिसा आहे म्हणजे झालं, त्यांना विमानातच बसू दिलं नाही. फ्रान्सच्या त्या विभागासाठी वैध आहे असा व्हिसा लागतो.

---

देवगडकर_टोरांटो

आंबोळी ताई, तुमचे फार आभार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. हो, दोघांचा भारतीय पासपोर्ट, आमचे दोघांचे कॅनेडियन. पण आई-बाबांशिवाय या ट्रिपला काही अर्थ नाही.

पश्चिमवारा, बीव्हीआयचा विचार आम्हीही केला होता, पण निळीशाई ताईंनी होड्या बांधणाऱ्यांचं लिहिलं ते मी रात्री बाबांना वाचून दाखवलं आणि ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "लाकूड खंयचा वापरतत?" तेव्हा बेक्वे नक्की. कॅटामरान पण नक्की. आता सुरुवात कुठून करायची?

---

सारंग_निवृत्त

आंबोळी यांनी मोठं काम केलं. आता ऐका. सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनाडीन्स हा एकच देश आहे, आणि भारतीय पासपोर्टला तिथे व्हिसा लागत नाही, ग्रेनाडालाही नाही. तरी निघण्याआधी त्यांच्या इमिग्रेशनला मेल करून लेखी उत्तर घ्या, नियम बदलत असतात आणि विमान कंपनीच्या काउंटरवर कागद दाखवता आला पाहिजे. आणि आई-बाबांचा कॅनडाचा व्हिसा मल्टिपल एन्ट्री आहे ना तेही बघा, नाही तर परत टोरांटोला कसे येणार.

सेंट व्हिन्सेंटचा नवा आर्गाइल विमानतळ २०१७ ला सुरू झाला, टोरांटोहून थेट विमानं असतात. तिथून ब्लू लगून जवळ, चार्टरचे बेस, म्हणजे बोटी भाड्याने देणाऱ्यांचे तळ, तिथेच आहेत. रीफने म्हणजे प्रवाळाच्या बांधाने घेरलेलं तळं आहे, आत पाणी शांत, पण यायची वाट रीफमधून आणि अरुंद, तेव्हा बेसवाल्यांनाच बाहेर काढून द्यायला आणि परत आत घ्यायला सांगा, त्यात कमीपणा नाही. मग एकाच देशात राहून बेक्वे, कॅनवान, मेरो, टोबॅगो केज, युनियन आणि परत. एकदा एन्ट्री, एकदा एक्झिट. नाही तर प्रत्येक देशात पिवळा झेंडा लावून आधी कस्टम्स-इमिग्रेशन, शनिवार-रविवारी गेलात तर ओव्हरटाइमची फी, आणि सुट्टीतला अर्धा दिवस रांगेत.

सगळ्यात मोठा फायदा आईंसाठी. सेंट लुसिया आणि सेंट व्हिन्सेंटच्या मधला चॅनल, पिटन्सपासून बेक्वे सुमारे ५५ सागरी मैल, तो टप्पाच गळाला. पिटन्स राहतील, पण चालेल. ब्लू लगून ते बेक्वे फक्त ९ मैल. ते ९ मैल मात्र हलके समजू नका, वारा आणि प्रवाह दोन्ही तिथे आवळले जातात, सकाळी लवकर निघा, मेनसेल म्हणजे मुख्य शीड आधीच थोडं गुंडाळून लहान करा आणि आईंना उलटीची गोळी निघायच्या तासभर आधी द्या, मळमळायला लागल्यावर दिलेली गोळी पोटात राहत नाही.

बेक्वेहून खाली मेरो-टोबॅगो केज २५ मैलांच्या आसपास, वारा कुशीवरून, मजेत जाल. परत येताना तोच वारा तिरका समोरून आणि प्रवाह पश्चिमेला ओढणारा. म्हणून परतीसाठी दोन दिवस हातचे राखून ठेवा. बोट परत द्यायची तारीख आहे म्हणून खराब हवेत निघालेली माणसं मी बघितली आहेत, तसं करू नका.

टोबॅगो केजबद्दल मुद्दाम सांगतो. मी वर दोन आडोसे म्हटलं ना, ते तिथे कळतं. हॉर्सशू रीफच्या मागे तुम्ही उभे राहता, समोर जमीनच नाही, थेट आफ्रिकेपर्यंत पाणी. वारा २० नॉटने अंगावर येत असतो, दोऱ्या शिट्ट्या घालत असतात, आणि पाणी मात्र सपाट कारण लाट रीफवर फुटून संपलेली असते. पहिल्या रात्री छाती धडधडते. नांगर किंवा मूरिंग नीट तपासलेला असेल तर निर्धास्त झोपा. आत जाताना सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी पाहिजे, दहा ते तीनच्या मधे, पोलराइज्ड चष्मा लावून एकाने नाळेवर उभं राहायचं. हे काम बाबांना द्या.

आणि बाबांना एक गोष्ट आधीच समजावून सांगा. तुम्हाला कॅनडामुळे सवय असेल, पण आपल्याकडे भारतात बंदरात शिरताना लाल बोया डावीकडे ठेवतात, तिथे उलटं, लाल उजवीकडे. माझ्यासारख्या मुंबईत शिकलेल्याचा हात सुद्धा दमलेल्या संध्याकाळी आपोआप चुकीकडे जातो. बाबा नाळेवरून "डावीकडे घे" म्हणाले तर सुकाणूवरच्या माणसाने स्वतः चार्ट बघायचा.

---

पश्चिमवारा

मानलं काका, एकाच देशात फिरायची कल्पना मला सुचली नव्हती. माझा बीव्हीआयचा हट्ट मागे घेतो. पण एक विचारतो, २०२४ च्या बेरिल वादळानंतर तो भाग कितपत सावरलाय?

---

निळीशाई

चांगलं विचारलंत. बेरिल १ जुलै २०२४ ला ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटावर आदळलं, चौथ्या श्रेणीचं, आणि युनियन, मेरो, कॅनवान सगळ्यांना तडाखा बसला. युनियनवर तर क्वचितच एखादं घर धड राहिलं होतं. कॅरियाकूच्या टिरेल बेला लोक मुद्दाम बोटी मँग्रोव्हमध्ये नेऊन बांधायचे, वादळात सगळ्यात सुरक्षित जागा म्हणून, आणि तिथेच बोटी एकमेकींवर चढून फुटल्या. त्यात आमच्या ओळखीच्यांची बोट होती, आठ वर्षं त्यांचं घर होतं ते. २००४ ला आयव्हन वादळात ग्रेनाडालाही असंच झालं होतं, लोक दक्षिणेला सुरक्षित म्हणून आले आणि तिथेच सापडले. हा धोका जून ते नोव्हेंबरचा, आपल्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतात तसाच काळ, फेब्रुवारीत काळजी नाही.

पण मुक्काम निवडताना याचा परिणाम लक्षात घ्या. जुन्या गाईडमध्ये लिहिलेली जेट्टी, दुकान, पाण्याचा नळ असेलच असं धरू नका, बेसवर ताजी परिस्थिती विचारा, पाणी आणि वाणसामान बेक्वेतच भरून घ्या. बेक्वेत पाण्याची आणि डिझेलची होडी बोटीपाशी येते, धक्क्याला लावायची गरज पडत नाही. आणि युनियनला, मेरोला जे काही उघडं असेल तिथे नक्की जेवा, भाजी घ्या, त्यांना आता गिऱ्हाइकांची गरज आहे. आम्ही मेरोच्या सॉल्ट व्हिसल बेमध्ये ज्या बाईंकडे लॉबस्टर खायचो त्यांच्या छपराचा पत्रासुद्धा राहिला नव्हता, त्यांची आठवण आली की अजून पोटात कालवतं.

---

देवगडकर_टोरांटो

सगळ्यांचे मनापासून आभार. आज बेसला मेल केला. आता असं ठरतंय: ब्लू लगूनला पहिली रात्र धक्क्यावर, मग बेक्वेत तीन रात्री म्हणजे आई रुळेल, मग कॅनवानला थांबत मेरो आणि टोबॅगो केज, युनियन, आणि १० व्या दिवशी परतीला सुरुवात, हातात दोन दिवस जादा. रोज दुपारी दोनच्या आत पोचायचं, आणि प्रत्येक मुक्कामासाठी दुसरी जागा आधीच चार्टवर खूण करून ठेवायची, हे बायकोने वहीत लिहून पण ठेवलंय. शेवटचा प्रश्न निळीशाई ताईंना, बेक्वेत नक्की कुठे थांबू? आणि आईला किनाऱ्यावर कसं नेऊ?

---

निळीशाई

ॲडमिरल्टी बेमध्ये शिरलात की गावासमोर फेरीचा मार्ग आहे, तो मोकळा सोडा. उजव्या हाताला म्हणजे दक्षिणेकडे प्रिन्सेस मार्गारेट बीचसमोर फिकट वाळू दिसेल, तिथे ५-६ मीटरमध्ये नांगर छान धरतो. त्याच्या बाहेरच्या अंगाला, खाडीच्या तोंडाकडे, लोअर बे, ते पण सुंदर पण स्वेल असला की जास्त हलतं, मग गावाच्या बाजूला सरका. डोंगरावरून मधूनच वाऱ्याचे झोत येतात, म्हणून शेजाऱ्यापासून अंतर ठेवा, कमी चेन सोडून दाटीत घुसू नका.

आईंना बीचवर डिंगीने नेऊ नका, लाटेत उतरताना गुडघा मुरगळतो, माझ्या आईचं झालंय. गावात डिंगी डॉक आहे पण तिथेही लाटेने वर-खाली होतं. त्यापेक्षा वॉटर टॅक्सी बोलवा, रेडिओवर हाक मारली की येतात, होडी मोठी आणि स्थिर असते, चालवणारा हात धरून उतरवतो, थोडेच पैसे पडतात. रात्री डिंगी पाण्यात सोडू नका, वर उचलून कुलूप लावा, चोऱ्या होतात. आणि आईंसाठी निघताना एक जाड फोमची उशी घ्या, डिंगीत बसायला, भिजते पण चालतं, आणि सकाळी नऊच्या आधी गावात जा, भाजी बाजारात तेव्हा ऊन नसतं आणि धक्क्यावर पाणी सगळ्यात शांत असतं.